‘अहो’च्या पुढे

सोमवार, ६ तारीख

अगं,

पत्राच्या वर काय लिहायचं इथेच अर्धी सकाळ गेली. ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं तर तू म्हणशील, आधी स्वतःला घ्या, तुम्हालाच गरज आहे. म्हणून नुसतं ‘अगं’ लिहिलं. एवढी वर्षं याच हाकेवर तू येत आलीस, तेव्हा पत्रही पोचेल.

फोन केला की चिमी उचलते आणि म्हणते, “आई आंघोळीला गेलीय.” लेकीच्या घरी जाऊन तू दिवसातून चारदा आंघोळ करायला लागलीस हे मला माहीत नव्हतं. तिकडे पाणी मुबलक दिसतं. असो. तुझा निरोप मात्र तिने सांगितला, अगदी तुझ्यासारखा हेल काढून. “आधी ते गाणं उड्या मारतंय ते नीट करा. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत कान देऊन ऐका. त्याआधी मला फोन करू नका.”

मी विचारलं, “आणि नीट केलं की ती परत येणार का?”

चिमी म्हणाली, “बाबा, ते तिने सांगितलं नाही.”

फोन करू नका म्हणालीस, पत्र लिहू नका असं म्हणाली नाहीस. म्हणून लिहितोय.

काय झालं ते तुला ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूने एकदा मांडतो. जावईबापूंनी तुझ्या जुन्या कॅसेटा कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. चांगलं काम केलं. कॅसेटच्या शेवटी ती रिकामी फीत किती वेळ खरखरत राहायची, तेही त्यांनी बंद करून दिलं. मीच म्हटलं होतं त्यांना, उगाच वीज जाते. तेव्हापासून तू रोज दुपारी जेवणं झाली की खुर्ची ओढून त्या पडद्यापुढे बसायला लागलीस. मी पलीकडे पेपर वाचत असायचो. वाचत म्हणजे, धरून बसायचो. खोलीत तुझा तरुणपणचा आवाज आणि त्याच्या मागे मागे त्या गजवाल्याचं व्हायोलिन.

‘मास्तर म्हणा,’ असं तू म्हणशील. मी म्हणणार नाही. हातात गज घेऊन यायचा म्हणून गजवाला. दोन वर्षं आपल्या पुढच्या खोलीत येऊन तुला गाणं शिकवत होता, आणि आला की मफलर काढून माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, जसा काही स्वतःच्याच घरी आलाय.

त्या दिवशी ‘दिवा लावते मी, दार लोटू नका’ हे गाणं लागलं होतं. त्यानेच चाल लावलेलं. गाणं संपतं. तू विचारतेस, “जमलं का?” तो म्हणतो, “उत्तम.” मग तू म्हणतेस, “अहो”, आणि तिथे गाणं उडी मारतं. एकदम पुढचं ऐकू येतं, “तुम्हीच सांगा ना. तुमच्याशिवाय दुसरं कोण सांगणार मला?” परत उडी. आणि मग तुझं हसणं, त्याचंही, आणि व्हायोलिनवर पुन्हा तीच ओळ.

तुझं ‘अहो’ मला ओळखता येतं. मला मारलेली हाक असली की ते नुसतं असतं, त्याला शेपूट नसतं. शेपूट लागलं की ते दुसऱ्याचं. अहो डॉक्टर, अहो काका, अहो दुकानदार. इथे नेमकं शेपूट तुटलंय. म्हणून मी विचारलं, “अहो कोण?” तू म्हणालीस, “तुम्हाला काय वाटतं?” मी म्हटलं, “अहो मास्तर.” दोनच शब्द. तेवढ्यावर तू कपाटावरची बॅग काढलीस.

हेच पुस्तकात झालं असतं तर मी डोळे मिटून सांगितलं असतं. जन्मभर बाइंडिंग केलं. सोळाव्या पानानंतर एकदम तेहेतिसावं आलं की मधला सोळा पानांचा फर्मा शिवायचा राहिला, विषय संपला. गाण्याला पानांचे आकडे नसतात, हीच पंचाईत आहे.

गोळ्या वेळेवर घेतोय.


गुरुवार, ९ तारीख

अगं,

उत्तराची वाट बघत नाही. पोस्टमन काल खालून गेला तेव्हा मी सहज खिडकीत उभा होतो.

कामाचं लिहितो. आधी वाटलं, वायर सैल असेल. दोन्ही स्पीकर काढले, पुसले, पिन घासून परत बसवली. आवाज चांगलाच उघडला. म्हणजे आता कडवं संपताना तुला लागलेली धाप ऐकू येते, आणि तो गजवाला मध्येच “वा” म्हणतो तेही आधीपेक्षा स्पष्ट. आधी मला तीनच ‘वा’ माहीत होते. आता आणखी निघाले. उडी होती तिथेच आहे.

मग जावईबापूंना फोन केला. ऑफिसात होते, तरी बोलले. म्हणाले, “बाबा, मागे दुसरं काहीतरी चालू असेल. व्हायरस शोधणं, अपडेट घेणं. तो त्यातच गुंततो आणि गाण्याकडे त्याचं लक्ष राहत नाही. सगळं बंद करा, एकदा बंद-चालू करा, आणि फक्त गाणं लावा.”

तसं केलं. मलाही एका वेळी दोन कामं जमत नाहीत, त्याला काय नावं ठेवू? पण उडी तिथेच.

बोलता बोलता म्हणाले, “आई मजेत आहेत. संध्याकाळी समोरच्या कप्तानांबरोबर बागेत फेरी मारून येतात.”

“कप्तान कसले? जहाजाचे?”

“नाही हो. पत्त्यांच्या क्लबात होते. तिथे सगळे म्हणायचे, तेच चिकटलं.”

पत्ते खेळणाऱ्याला कप्तान म्हणतात हे मला नवीन आहे. मग मीही कमिशनर. त्यांची बायको फेरीला बरोबर असते का, हे मी जावयाला विचारलं नाही, बरं दिसत नाही. तू कळव. माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत यायचं म्हटलं तर तुझे गुडघे दुखायचे. तिकडची हवा गुडघ्यांना मानवलेली दिसते.

तुझी निळी शाल इथेच राहिलीय. बागेत संध्याकाळी गारवा असतो. पाठवत नाही, कारण मग तू तिकडेच राहशील.


सोमवार, १३ तारीख

अगं,

आज झेरॉक्सवालीला वर बोलावलं. कोपऱ्यावरच्या दुकानातली, चष्मा डोक्यावर ठेवून दुकानभर चष्मा शोधणारी. तिला कॉम्प्युटरमधलंही कळतं.

ती बसल्या बसल्या म्हणाली, “काका, गाणी अजून पेनड्राइव्हवरूनच वाजवताय? हा जुना झालाय, रडतरखडत वाचतो. सगळं आत कॉपी करून घेऊ.” घेतलं. उडी तिथेच.

मग म्हणाली, “बफर वाढवून बघू.”

“ते काय असतं?”

“गच्चीवरची टाकी समजा. नळ गेला तरी टाकी भरलेली असली की धार तुटत नाही. तसं पुढचं थोडं गाणं आधीच वाचून साठवून ठेवायचं.”

टाकी मोठी केली. धार तिथेच तुटली. तिने चष्मा खाली ओढला, आणखी दोन-तीन गाणी लावून पाहिली आणि म्हणाली, “गंमत आहे. गाणं चालू असताना कधीच अडखळत नाही. गाणं संपून बोलणं आलं की उडी.”

मी म्हटलं, “तेच तर.”

“तेच तर काय?”

मग मला थोडं सांगावं लागलं. सगळं नाही सांगितलं. तुझी बॅग, चिमीचं घर हे काही नाही. तू गुडघ्यांच्या उपचाराला गेलीस असं सांगितलं आहे, तेव्हा आल्यावर सांभाळून घे. तिने ते ‘अहो’ पुन्हा लावलं, डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, “काकू किती गोड हसल्यात. कोणाला हसल्यात?”

“तेच शोधतोय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “काका, तुम्हाला गाणं दुरुस्त करायचंय की कोणाला पकडायचंय?”

मी म्हटलं, “चहा घेशील?”

जाताना म्हणाली, “माझ्या फोनवर घेऊन वाजवून बघते, दोष गाण्यात आहे की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ते लगेच कळेल.” मी नको म्हटलं. घरातलं बोलणं बाहेरच्या फोनवर कशाला? तिला राग आला नाही. ती बाई बरी आहे, पण जिन्यातून उतरताना ‘दार लोटू नका’ गुणगुणत गेली. त्याच्याच चालीवर.


शुक्रवार, १७ तारीख

अगं,

हे वाचून रागावू नकोस. मी गजवाल्याकडे जाऊन आलो.

म्हटलं, यंत्राशी किती दिवस झटायचं, माणसालाच विचारावं. बाजारामागे वाद्यं दुरुस्त करणारा आहे, त्याने पत्ता सांगितला. त्याच्याच दुकानावरची खोली. परगावची नोकरी संपवून कधीच परत आलाय आणि तुला ठाऊक नाही. किंवा ठाऊक असेल. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

वाळून काटकी झालाय. पण केस सगळे जागेवर, पांढरेशुभ्र. माझे तू पाहतेसच. खोली एवढीशी, खिडकीत खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर मफलर. तोच असेल असं नाही, पण मफलरच.

त्याला ओळख पटेना. मग मला तुझं नाव घ्यावं लागलं. मी ते कधी घेत नाही, जिभेला जड गेलं. आणि नाव ऐकल्याबरोबर त्याचा चेहरा असा उजळला, जसा कोणी खिडकीचा पडदा बाजूला करावा.

“‘दार लोटू नका’ म्हणणारी?” आणि म्हणून दाखवलं. पहिली ओळ पूर्ण, कुठेही न चुकता. “अजून गाते का ती?”

मी म्हटलं, “रोज दुपारी.” तसं पाहिलं तर हे खोटं नाही.

“वा,” म्हणाला. त्याचा तो ‘वा’ समोरासमोर ऐकला. “आणि आपण?”

“मी तिचा नवरा.”

“हो का?” त्याने मला नीट पाहिलं. “कमाल आहे. दोन वर्षं येत होतो मी तुमच्याकडे. तुम्ही कधी दिसला नाहीत. संध्याकाळी कामावर असायचात का?”

“घरी असायचो. मधल्या दारात उभा असायचो.”

“मधल्या दारात,” तो आठवत म्हणाला, “हो, असायचं खरं कोणीतरी. मला वाटायचं, तुमचे भाडेकरू आहेत.”

मी कामावरून आलो की हाताला खळ लागलेली असायची, तुझ्या त्या धुतलेल्या चादरीवर बसायला नको म्हणून दारात थांबायचो. हे त्याला सांगणार होतो. पण भाडेकरूने खुलासे कशाला द्यायचे? ज्याच्यासाठी गेलो होतो तेही विचारलं नाही. त्याने डबी पुढे केली, पिपरमिंट घ्या म्हणाला. घेतली आणि खिशात टाकली. ती तिथे विरघळली. शर्टाला डाग पडलाय, तो कसा काढायचा ते चिमीकडून कळव.

आणखी एक. त्याचे हात अजून थरथरत नाहीत. हे तुला सांगणार नव्हतो.


सोमवार, २० तारीख

अगं,

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मी दोनच शब्द बोललो. ते पूर्ण नव्हतं. ‘अहो मास्तर’ म्हटल्यावर मी आणखीही म्हणालो, “तरीच तो गाव सोडून गेला आणि तू गाणं सोडलंस.” हळू म्हणालो होतो. तुला ऐकू गेलं नसावं अशी आशा होती. तू स्टुलावर चढून बॅग काढलीस तेव्हा कळलं, गेलं.

आता शोध लागला तो ऐक.

गाण्याला पानांचे आकडे नसतात असं मी लिहिलं, ते चूक. असतात. गाणं वाजत असताना खाली बारीक अक्षरांत सेकंद पळतात. एवढे दिवस मी पडद्याकडे पाहतच नव्हतो, तुझ्या बोलण्याच्या मागे लागलो होतो. आज चष्मा लावून फक्त आकड्यांवर नजर ठेवली. ‘अहो’ आलं, आणि नीट एकामागून एक चाललेला आकडा टुणकन पुढे गेला. अडकला असता तर थांबला असता. हा थांबला नाही. म्हणजे फर्मा छापलेला आहे, शिवलेलाही आहे, वाचणाराच पानं ओलांडून जातोय.

जावईबापूंना लगेच कळवलं. त्यांनी मला आकडे पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, “अरेच्चा. ती टिक.”

“कसली टिक?”

“बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, रिकामी फीत वाजते ती बंद करा, वीज फुकट जाते? प्लेअरमध्ये सोय असते, शांतता आली की ती वगळून पुढे जायचं. ती मी लावून दिली. पण कॅसेटला मुळातच खरखर असते, म्हणून हद्द जरा वर ठेवावी लागली. त्या हद्दीच्या खालचं सगळं त्याला शांतताच वाटतं.”

“म्हणजे तिथे कोणी बोललं असेल तर?”

“हळू बोललं असेल, माइकपासून लांबून, तर तेही गाळणार.”

“आणि जवळून बोललं असेल तर?”

“जवळून, मोठ्याने असेल तर कशाला गाळेल?”

यावर तू म्हणशील, झालं ना समाधान, मास्तर तर माइकला चिकटून बसायचे. पण जवळ बसलेला माणूस कुजबुजू शकतो. उलट जवळ बसलेलाच कुजबुजतो, लांबचा कशाला कुजबुजेल? आणि ‘मास्तर’ हा शब्द तूही हळू म्हणू शकतेस. काही शब्द माणूस हळूच म्हणतो.

टिक कुठे आहे ते त्यांनी फोनवर सांगितलं. सापडली. एक बारीक चौकोन आहे, त्यावर बोट टेकवल्यासारखं केलं की जाते.

आज डोळे दुखताहेत. उद्या काढीन.


गुरुवार, २३ तारीख

अगं,

काढलेली नाही.

काल चिमीचा फोन आला, “बाबा, झालं का नीट?” मी म्हटलं, चाललंय. मागून तुझा आवाज आला, “त्यांना म्हणावं, सावकाश करा, मी इथे सुखात आहे.” तो आवाज मला ऐकू जावा असाच काढला होतास, हे मला कळतं. आणि त्याच्या मागे एक पुरुष हसला. जावई त्या वेळी ऑफिसात असतात. कप्तान घरात येऊन बसायला लागले का?

मी काय म्हणतो ते ऐक. उडी आहे तोवर त्या ‘अहो’पुढे काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही. अर्धं माझं, अर्धं त्याचं. टिक काढली आणि ‘मास्तर’ निघालं, तर मी या दोन खोल्यांत कुठे बसू? पुढच्या खोलीत त्याची जागा, मागच्या खोलीत तुझी खुर्ची. राहिलं मधलं दार. तिथे मी भाडेकरू आहेच.

बाइंडिंगमध्ये कधी कधी गिऱ्हाईक विचारायचं, हे जुनं पुस्तक उसवून पुन्हा शिवता येईल का? मी सांगायचो, येईल, पण उसवल्यावर पानं किती शाबूत निघतील याचा भरवसा नाही. बरेच जण पुस्तक तसंच परत घेऊन जायचे. तेव्हा मला ते भित्रे वाटायचे.

निळी शाल घडी करून कपाटात ठेवली. मग परत काढून खुर्चीवर टाकली.


रविवार, २६ तारीख

अगं,

काढली.

दुपारी, तुझ्या वेळेला, तुझ्या खुर्चीत बसून. आधी खिडकी लावून घेतली, खाली कोणी ऐकायला नको. गाणं पहिल्यापासून लावलं, तू सांगितलंस तसं.

गाणं संपलं. “जमलं का?” “उत्तम.” मग तू म्हणालीस, “अहो.”

आणि पुढे काहीच नाही. नुसती खरखर. मी शेपटाची वाट बघत बसलो. आकडे एकामागून एक सरळ चालले होते, उडी नाही, काही नाही. कुठेतरी खुर्ची करकरली. तू वाट बघत होतीस आणि मीही बघत होतो. तेव्हा लांबून, गोधडीखालून बोलावं तसा कोणीतरी बोलला, “हं.”

खरं सांगतो, मला संताप आला. म्हटलं, हा तिसरा कोण?

मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. मग कळलं. जन्मभर तू म्हणत आलीस, “तुमचं ‘हं’ म्हणजे नसल्यात जमा.” त्या प्लेअरनेही तेच ठरवलं. तू आणि तो, दोघांचं एकमत झालं.

पुढे ऐक. तू म्हणतेस, “तुम्हीच सांगा ना. तुमच्याशिवाय दुसरं कोण सांगणार मला?” परत खरखर, आधीपेक्षा लांब. इतकी लांब की मीच खुर्चीत पुढे सरकलो, अरे बोल ना. आणि तो दारातला माणूस काय बोलला असेल?

“दार लावू का? वारा येतोय तुला.”

दार लोटू नका, दार लोटू नका म्हणून जी बाई आताच गाऊन थांबली, तिला. त्यावर तू हसलीस. गजवालाही हसला, व्हायोलिनवर पुन्हा तीच ओळ वाजवून त्याने चिडवलं. ते हसणं मी इतके दिवस उशाशी घेऊन झोपत होतो. ते मलाच होतं.

मला हे आठवत नाही. दार लावू का, हे मी दिवसातून किती वेळा विचारतो, त्यातलं कुठलं लक्षात ठेवू? पण आवाज माझा आहे. आणि ‘अहो’ला शेपूट नाही.

आता मी खूश व्हायला हवं. खाली उतरलो तेव्हा झेरॉक्सवालीने विचारलं, “सापडला का हो चोर?” मी म्हटलं, सापडला. ती पेढे मागायला लागली. पण वर येऊन बसलो तर काळजात तेच, जे पहिल्या दिवशी होतं. गजवाल्याचं आता काही नाही. मला त्या दारातल्या माणसाचा हेवा वाटतोय. हाताला खळ, तोंडात ‘हं’, आणि तरी शिकवणाऱ्या मास्तरांकडे पाठ फिरवून तू त्याला विचारतेस, जमलं का? ‘उत्तम’ तुझ्या पदरात पडलं होतं, ते तुला पुरलं नाही. आणि त्याने दाराचं विचारलं तरी तू हसलीस. मी आता दाराचं विचारलं तर तू कपाळाला हात लावतेस. गजवाला परवडला. त्याच्या खोलीवर जाऊन त्याला बघून तरी येता येतं. या दुसऱ्याकडे कुठे जाऊ?

मात्र एक आहे. त्याने तुला उत्तर दिलं नाही. मी कॅसेटची दुसरी बाजूही ऐकली, सगळी रिकामी फीतसुद्धा ऐकली, म्हटलं नंतर कुठे बोलला असेल. नाही बोलला. तू गाणं का सोडलंस, हे मी आता तुला विचारणार नाही.

तेव्हा उशीर झाला असला तरी सांगतो. जमलं होतं. दुसऱ्या कडव्यात तू जराशी घाई करतेस, आणि ‘लोटू’ म्हणताना आवाज किंचित घसरतो, पण जमलं होतं. फार चांगलं जमलं होतं. दारात उभं राहून मला रोज तसंच वाटायचं.

तू सांगितलेलं काम झालं, म्हणजे आता फोन करायला हरकत नाही असं धरतो. हे पत्र पोचलं की करीन, तुझ्या आंघोळीच्या वेळा सोडून. चिमीला उचलू देऊ नकोस, कप्तानांना तर नकोच. तू उचल आणि नुसतं ‘अहो’ म्हण. मी ‘हं’ म्हणणार नाही. खाली झेरॉक्सच्या दुकानात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलेन.

संध्याकाळ झाली. दिवा लावला आहे. दार लोटलेलं नाही, साखळी तेवढी अडकवली आहे, दिवस बरे नाहीत. फटीतून वारा येतोय. येऊ दे.